गयानाचे मोजक्या सामन्यांचे क्रिकेटपटू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोहन कन्हाई, क्लाइव्ह लॉइड, लान्स गिब्ज, शिवनारायण चंदरपॉल या वेस्ट इंडिजकडून गाजलेल्या गयानाच्या खेळाडूंची ओळख करून द्यावी लागत नाही. प्रश्न येतात ते धावफलकात खाली कुठेतरी सापडणाऱ्या नावांबद्दल, ज्यांच्यापुढे प्रथम श्रेणीचा एक, तीन, फार तर दहा सामने लागलेले असतात. अशा खेळाडूंची नोंद वाचताना, शोधताना आणि लिहिताना हमखास अडतात त्या प्रश्नांची ही उत्तरे.

किती सामन्यांच्या आतली कारकीर्द ‘थोडकी’ म्हणायची?

ठरलेली रेषा नाही, आणि ती आखूही नये. दहा सामने हा आकडा १९१० साली भरघोस होता, आज तो जेमतेम एक-दोन मोसमांचा आहे. म्हणून नुसता सामन्यांचा आकडा न घेता भागाकार करावा. खेळाडूच्या पहिल्या आणि शेवटच्या सामन्याची तारीख घ्या, त्या दोन तारखांच्या मध्ये त्याच्या संघाने एकूण किती प्रथम श्रेणी सामने खेळले ते मोजा, आणि त्यातले याने किती खेळले ते पाहा. पाचपैकी पाच खेळलेला माणूस संघाचा कणा असू शकतो. चाळीसपैकी पाच खेळलेला बहुधा बदली म्हणून आत-बाहेर करत होता. दोघांच्या नावापुढे आकडा मात्र एकच, ‘५’.

हा भागाकार करायला छेद लागतो. तो काळाप्रमाणे साधारण असा बदलत गेला. जुन्या आंतरवसाहत स्पर्धेत वर्षाला एक किंवा दोन सामने. १९६५-६६ मध्ये शेल शील्ड ही वेस्ट इंडिजमधली वार्षिक स्पर्धा सुरू झाल्यावर प्रत्येक संघाला मोसमात चार. १९८१-८२ पासून लीवर्ड आणि विंडवर्ड बेटांचे संघ वेगळे झाल्यावर पाच. २०१४-१५ पासून सहा संघांनी एकमेकांशी दोनदा खेळायचे ठरल्यावर दहा. कोविडनंतर पुन्हा घट. पाहुण्या देशांच्या दौऱ्यातले सामने यात वरून मिळवायचे.

प्रथम श्रेणी सामना म्हणजे नेमके काय? क्लबचा तीन दिवसांचा सामना चालेल का?

चालणार नाही. १९४७ मध्ये त्या वेळच्या इंपीरियल क्रिकेट कॉन्फरन्सने व्याख्या केली: अकरा-अकरा खेळाडूंचे दोन संघ, तीन किंवा अधिक दिवसांचा सामना, आणि अधिकृत मंडळाने त्याला प्रथम श्रेणी म्हणून मान्यता दिलेली. तिसरी अट सगळ्यात महत्त्वाची. तीन दिवसांचा म्हणून सामना आपोआप प्रथम श्रेणी होत नाही.

१९४७ च्या आधीच्या सामन्यांना ही व्याख्या लागू नव्हती. तिथे दर्जा ठरवला तो नंतरच्या आकडेतज्ज्ञांनी, सामन्याचे महत्त्व आणि संघांची ताकद पाहून. त्यामुळेच फेब्रुवारी १८६५ मध्ये बार्बाडोसच्या ब्रिजटाउनला झालेला बार्बाडोस विरुद्ध डेमेरारा (गयानाच्या संघाचे तेव्हाचे नाव) हा सामना दोन दिवसांत आटोपला तरी वेस्ट इंडिजमधला पहिला प्रथम श्रेणी सामना मानला जातो. बार्बाडोस ७४ आणि १२४, डेमेरारा २२ आणि ३८, बार्बाडोसचा विजय १३८ धावांनी. अशी सुरुवात झाल्यावर काही जणांचा पहिला सामना शेवटचाही ठरला, यात नवल नाही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये गयानाच्या राजधानीत, जॉर्जटाउनला, परतीचा सामना झाला.

एकदिवसीय, ट्वेंटी-२०, १९ वर्षांखालील सामने यात धरायचे नाहीत. कसोटी मात्र धरायची. ती प्रथम श्रेणीतच मोडते, म्हणून ‘अकरा प्रथम श्रेणी आणि एक कसोटी’ याची बेरीज बारा करू नका. ही चूक इतक्या वेळा दिसते की बेरीज न करता लिहिणारा भेटला की बरे वाटते.

डेमेरारा, ब्रिटिश गयाना आणि गयाना हे तीन वेगळे संघ आहेत का?

वारसा एकच, पाट्या तीन. एकोणिसाव्या शतकात वसाहतीचा संघ ‘डेमेरारा’ नावाने खेळे, पुढे ‘ब्रिटिश गयाना’ नावाने, आणि २६ मे १९६६ ला देश स्वतंत्र झाल्यावर ‘गयाना’ नावाने. शोध घेताना मात्र तिन्ही पाट्या वेगळ्या तपासाव्या लागतात, कारण माहितीसाठ्यात प्रत्येकीचे पान निराळे असते. १९६५ ते १९६७ च्या दरम्यान खेळलेल्या माणसाचे सामने दोन पानांवर विभागलेले सापडतील. एकच पान पाहिले तर कारकीर्द निम्मी दिसते.

आणखी एक फसगत. १९७० नंतर धावफलकात ‘डेमेरारा’ पुन्हा दिसतो, पण तो वसाहतीचा संघ नव्हे. तो डेमेरारा या परगण्याचा संघ आहे. शंभर वर्षांच्या अंतराने दोन वेगळ्या संघांना एकच नाव.

हे परगण्यांचे सामने काय प्रकरण आहे?

गयानाचे तीन जुने परगणे तीन नद्यांच्या नावांचे: डेमेरारा, बर्बिस, एसेक्विबो. जॉर्जटाउन डेमेरारात येते, पोर्ट मोरंट आणि अल्बियन बर्बिसमध्ये. परगण्यांमधली चुरस जुनी. १९७१ पासून साधारण वीस वर्षे बर्बिस विरुद्ध डेमेरारा या वार्षिक सामन्याला प्रथम श्रेणी दर्जा होता, आधी जोन्स चषक म्हणून आणि नंतर गायस्टॅक करंडक म्हणून. गायस्टॅक हे सरकारी उद्योगांच्या महामंडळाचे नाव. नव्वदीच्या सुरुवातीला हा दर्जा गेला.

मोजक्या सामन्यांच्या यादीतली कितीतरी नावे याच एका सामन्यामुळे तिथे आली आहेत. हिशेब सोपा आहे: वर्षाला एक सामना. बर्बिसकडून सलग पाच वर्षे निवड झालेला, पण गयानाच्या संघात कधीच जागा न मिळालेला खेळाडू पाच सामन्यांवर थांबतो. म्हणून १९७१ ते १९९१ या काळातले नाव असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा: सामने देशासाठी की परगण्यासाठी? ‘गयानासाठी तीन सामने खेळला’ असे लिहून मोकळे होणारे अनेक असतात, प्रत्यक्षात तिन्ही सामने बर्बिसचे निघतात.

उलट चूकही होते. १९९५ सालच्या परगणा सामन्यातले शतक कुणी प्रथम श्रेणी शतक म्हणून मांडले, तर ते काढून टाका. स्पर्धा चालू होती, पण तिला दर्जा नव्हता.

एवढे कमी सामने का मिळत? गुणवत्ता कमी होती का?

काहींची होती. बहुतेकांच्या बाबतीत कारण वेळापत्रक, समुद्र आणि नोकरी हे होते.

आधी वेळापत्रक. १८९० च्या दशकापासून १९३८-३९ पर्यंत चाललेल्या आंतरवसाहत स्पर्धेत संघ तीनच: बार्बाडोस, त्रिनिदाद आणि गयाना. जमैका फार लांब म्हणून बाहेर. यजमानपद फिरते. दोन पाहुणे आधी आपसात खेळत आणि जिंकणारा यजमानांशी अंतिम सामना खेळे. म्हणजे पाहुणे म्हणून गेलात आणि हरलात तर तेवढा एकच सामना. यजमान असलात तरी एकच. शिवाय पहिल्या महायुद्धात स्पर्धा बंद. १९१० च्या सुमारास ऐन भरात असलेल्या फलंदाजाला पुढची स्पर्धा दिसेपर्यंत पस्तिशी गाठलेली असे.

मग समुद्र. गयाना दक्षिण अमेरिकेच्या मुख्य भूमीवर, बाकीचे प्रतिस्पर्धी बेटांवर. प्रवास आगबोटीचा, जाणे, खेळणे आणि परतणे यात आठवडे जात. खेळणारे हौशी होते, म्हणजे खेळाचे पैसे नव्हते. सरकारी कचेरीतला कारकून, व्यापारी पेढीतला नोकर, शिक्षक यांना रजा मिळेलच असे नसे. म्हणूनच अनेकांच्या नोंदीत सगळे सामने जॉर्जटाउनच्या बोर्डा मैदानावरचे दिसतात आणि बाहेरचा एकही नाही. अशी नोंद दिसली की ‘घरच्या मैदानावरच चालला’ असा शेरा मारू नका. बहुधा तो बोटीत चढूच शकला नव्हता.

१९३९ ते १९६४ हा काळ मधला. नियमित वार्षिक स्पर्धा नव्हती. त्रिनिदाद, बार्बाडोस, जमैका यांच्याशी दोन-दोन सामन्यांच्या मालिका, अधूनमधून चौरंगी स्पर्धा (१९५६ च्या ऑक्टोबरमधली जॉर्जटाउनची), आणि पाहुण्या संघांचे सामने. पाहुण्यांविरुद्ध एखाद्या स्थानिकाला आजमावून पाहत आणि पुढची मालिका दीड-दोन वर्षांनी येई. तोवर निवड समितीची पसंती बदललेली.

शेल शील्डच्या काळात अडचण वेगळी झाली. कन्हाई, बुचर, लॉइड, फ्रेडरिक्स, कालीचरण हे वेस्ट इंडिजसाठी परदेशी दौऱ्यावर असले की संघात जागा रिकाम्या होत, ते परतले की भरत. दोन-तीन सामने खेळून गायब झालेल्या फलंदाजाच्या तारखा आणि वेस्ट इंडिजच्या दौऱ्याच्या तारखा शेजारी ठेवून पाहा, उत्तर बऱ्याचदा तिथेच असते. यात भर जॉर्जटाउनच्या पावसाची. किनारपट्टीला वर्षातून दोन पावसाळे, आणि मैदान समुद्रसपाटीच्या खाली. १९९० मध्ये बोर्डावरची इंग्लंडविरुद्धची कसोटी एकही चेंडू न पडता रद्द झाली. कसोटीचे हे हाल, तर साध्या सामन्याचे काय.

संघात होता, पण फलंदाजीही केली नाही, गोलंदाजीही नाही. सामना मोजायचा का?

मोजायचा. नाणेफेक झाली आणि तो अकरा जणांत होता, एवढे पुरे. अशा खेळाडूच्या रकान्यात सामना १, डाव ०, धावा रेघ असे येते. शून्य धावा आणि रेघ यांत फरक आहे: शून्य म्हणजे बॅट घेऊन उतरला आणि धाव झाली नाही, रेघ म्हणजे उतरलाच नाही.

नाणेफेकीआधीच सामना रद्द झाला तर मोजायचा नाही. बारावा खेळाडू, क्षेत्ररक्षणापुरता आलेला बदली खेळाडू यांचाही सामना धरत नाहीत, त्याने झेल घेतला असला तरी. डोक्याला चेंडू लागल्यामुळे पूर्णवेळ उतरलेला बदली खेळाडू मात्र धरला जातो, पण हा नियम २०१९ पासूनचा आहे. जुन्या नोंदींना तो लावू नका.

दोन-चार सामन्यांच्या सरासरीला काही अर्थ आहे का?

फारसा नाही, आणि का नाही ते आकड्यांतच दिसते. फलंदाजीची सरासरी म्हणजे एकूण धावा भागिले बाद झालेले डाव. समजा कुणी ४ सामन्यांत ७ डाव खेळला, १ वेळा नाबाद राहिला, धावा १३८. छेद ६, सरासरी २३.००. आता एकच जादा डाव आणि त्यात शून्य: छेद ७, सरासरी १९.७१. एका चेंडूने सव्वातीन धावा उडाल्या. शंभर सामने खेळलेल्याच्या सरासरीला एका शून्याने ओरखडाही उठत नाही.

जो सॉलोमनचे उदाहरण यासाठी फार उपयोगी. ब्रिटिश गयानाकडून पहिल्या तीन प्रथम श्रेणी डावांत त्याने तीन शतके ठोकली: जमैकाविरुद्ध नाबाद ११४, बार्बाडोसविरुद्ध १०८, पाकिस्तानी पाहुण्यांविरुद्ध १२१. तिथे थांबला असता तर ३४३ धावा, दोनदा बाद, सरासरी १७१.५०. तो थांबला नाही, पुढे शंभरावर सामने खेळला आणि सरासरी चाळिशीच्या थोडी वर स्थिरावली. म्हणजे तो वाईट झाला असे नाही, आकडा खरा झाला.

कधीच बाद न झालेल्याची सरासरी काढता येत नाही, कारण छेद शून्य. तिथे ‘अनंत’ किंवा एकूण धावाच सरासरी म्हणून लिहू नका, रेघ द्या. गोलंदाजाला बळी मिळाला नसेल तरी तेच. आमच्या मते पाचपेक्षा कमी डाव असतील तर सरासरी लिहूच नये. सरळ धावा सांगाव्यात: १२, ४०, ०, नाबाद ७. वाचणाऱ्याला त्यातून जास्त कळते.

थोडके सामने आणि तरीही थोर, असा कुणी आहे का?

लेस्ली वाइट. प्रथम श्रेणी सामने अकरा, तेही १९४९-५० ते १९५२-५३ एवढ्या काळातले. धावा १२६०, सरासरी ६६.३१. १९५१-५२ मध्ये जॉर्जटाउनला बार्बाडोसविरुद्ध ग्लेंडन गिब्जबरोबर पहिल्या गड्यासाठी ३९० धावांची भागी, त्यात वाइट नाबाद २६२ आणि गिब्ज २१६.

लगेच शंका येते की एवढी सरासरी त्या एका डावाचीच असणार. तपासता येते. १२६० ला ६६.३१ ने भागले तर बाद झालेले डाव १९ येतात. २६२ वर तो नाबाद होता, म्हणून तो डाव वगळला तरी छेद १९ च राहतो: ९९८ भागिले १९, म्हणजे ५२.५३. तो डाव काढूनही सरासरी पन्नाशीवर. मोजक्या सामन्यांच्या कुठल्याही खेळाडूबाबत ही चाचणी करून बघा, सर्वोच्च डाव काढा आणि काय उरते ते पाहा. बहुतेकांची सरासरी पत्त्यांच्या बंगल्यासारखी कोसळते.

वाइटला कसोटी मिळाली एकच, मार्च १९५३ मध्ये बोर्डावर, भारताविरुद्ध. धावा २१. हजारेंच्या नेतृत्वाखालचा भारताचा तो पहिलाच वेस्ट इंडिज दौरा. आणि गंमत अशी की त्याच मालिकेत पोर्ट ऑफ स्पेनला नाबाद १६३ करणाऱ्या माधव आपट्यांनाही त्या मालिकेनंतर कसोटी मिळाली नाही. सात कसोटी, सरासरी ४९.२७. आपट्यांबद्दल मराठी क्रिकेटरसिक जी हळहळ व्यक्त करतात, तशी हळहळ वाइटच्याही वाट्याला यायला हरकत नाही.

भागीतला जोडीदार ग्लेंडन गिब्ज यालाही एकच कसोटी मिळाली, १९५५ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध. हा लान्स गिब्ज नव्हे. नुसते ‘गिब्ज’ असेल तर आद्याक्षर पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नका.

एकाच आडनावाचे चार-पाच जण कसे वेगळे करायचे?

वाइट हे घराणेच होते. लेस्ली, नॉर्मन, आर्नोल्ड आणि पीटर हे चौघे भाऊ ब्रिटिश गयानाकडून खेळले. त्याआधीच्या पिढीत व्हायबर्ट वाइट, १९२८ च्या इंग्लंड दौऱ्यावर उपकर्णधार. क्रिस्टियानीही चौघे भाऊ: अर्नेस्ट, हॅरी, सिरिल, रॉबर्ट. ॲल्विन कालीचरणचा भाऊ डेरिकही गयानाकडून खेळला.

आद्याक्षरांवर भिस्त ठेवली तरी गफलत होते, कारण पुष्कळांचे रोजचे नाव हे जन्मनावातले दुसरे नाव असे. लेस्लीचे पूर्ण नाव जॉर्ज लेस्ली वाइट, म्हणून धावफलकात तो जी. एल. वाइट. व्हायबर्टचे पूर्ण नाव क्लॉड व्हायबर्ट. वर्तमानपत्रात ‘एल. वाइट’ आणि धावफलकात ‘जी. एल.’ असे दिसले की दोन माणसे समजून दोन नोंदी तयार होतात, आणि एकाची आठ सामन्यांची कारकीर्द पाच आणि तीन अशी दोन ठिकाणी फुटते. खात्री करायला तीन गोष्टी जुळवा: फलंदाजीचा क्रम, गोलंदाजीचा प्रकार, क्लब. सलामीचा फलंदाज एकाएकी दहाव्या क्रमांकावर आणि हातात नवा चेंडू असे दिसले तर माणूस दुसरा आहे.

पीटर वाइटकडे पाहताना आणखी एक खबरदारी. सॉमरसेट काउंटीकडून त्याने अनेक मोसम गाजवले, ब्रिटिश गयानाकडून मात्र जवळजवळ नाहीच. एखाद्या संघासाठीची कारकीर्द थोडकी आणि एकूण कारकीर्द दीर्घ, असे असू शकते. ‘गयानाकडून थोडके सामने’ असे लिहायचे असेल तर तेच शब्द लिहा.

भारतीय वाटणारी नावे देवनागरीत कशी लिहावीत?

१८३८ पासून ब्रिटिश गयानात गिरमिटावर, म्हणजे कराराने बांधलेले, भारतीय मजूर गेले, बहुतेक आजच्या उत्तर प्रदेश आणि बिहारमधून, कोलकात्याच्या बंदरातून. काही मद्रासकडून. कारकुनाने कानाला जे ऐकू आले ते इंग्रजीत उतरवले आणि तेच आडनाव झाले. प्रसादचे परसॉद झाले. कालीचरणमध्ये दोन एल आणि दोन आर शिरले. शिवनारायण तर इंग्रजी अक्षरांवरून वाचला की शिवनराइन होतो.

आमचा ठोकताळा असा: मराठी वर्तमानपत्रांत रुळलेले रूप असेल तर तेच ठेवा (कन्हाई, कालीचरण, चंदरपॉल, सरवन). अनोळखी नाव असेल तर तिथल्या उच्चाराजवळ जा, मूळ भोजपुरी रूप शोधून ‘दुरुस्त’ करू नका. परसॉदला प्रसाद केलेत तर तुमच्या लेखावरून कुणी इंग्रजीत शोध घेईल तेव्हा त्याला तो सापडणार नाही. इंग्रजी माहितीसाठ्यात शोधताना मात्र एका नावाची तीन-चार स्पेलिंग करून पाहा. एकाच खेळाडूचे नाव पहिल्या सामन्यात एका स्पेलिंगने आणि दुसऱ्यात वेगळ्या, हे नेहमीचे.

फर्नांडिस, कामाचो ही मंडळी गोव्याची का?

नाही. गोव्याकडच्या वाचकांकडून हा प्रश्न हमखास येतो, म्हणून सांगतो. १८३५ पासून अटलांटिकमधल्या मादेरा बेटावरून पोर्तुगीज मजूर ब्रिटिश गयानात आले, ही आडनावे त्यांची. मॉरिस फर्नांडिस हा त्यांच्यातला. फेब्रुवारी १९३० मध्ये बोर्डावर वेस्ट इंडिजने इंग्लंडला २८९ धावांनी हरवून आपला पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार तोच होता. चार कसोटींच्या त्या मालिकेत प्रत्येक वसाहतीत स्थानिक कर्णधार नेमला गेला, चार सामने आणि चार कर्णधार. संघातही यजमान वसाहतीचे खेळाडू घ्यायची रीत होती. त्या काळात एक-दोनच कसोटी खेळलेले इतके खेळाडू का, याचे उत्तर पुष्कळसे या रीतीत आहे.

मुंबईशी या मंडळींचा काही संबंध आहे का?

एक आहे, आणि तो पक्का आहे. चार्ली स्टेयर्स, जॉर्जटाउनचा वेगवान गोलंदाज. चार कसोटी, चारही १९६२ मध्ये भारताविरुद्ध. भारताच्या त्याच वेस्ट इंडिज दौऱ्यात कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर जायबंदी झाले, आणि वेगवान माऱ्याचा सराव व्हावा म्हणून भारतीय मंडळाने १९६२-६३ च्या मोसमासाठी वेस्ट इंडिजचे चार वेगवान गोलंदाज बोलावले. गिलख्रिस्ट हैदराबादकडे, वॉटसन दिल्लीकडे, किंग बंगालकडे आणि स्टेयर्स मुंबईकडे. मुंबईने त्या वर्षीही रणजी करंडक जिंकला. म्हणून स्टेयर्सची नोंद करताना ब्रिटिश गयाना आणि वेस्ट इंडिज एवढेच पाहून थांबलात तर रणजीचे सामने सुटतात.

गावसकरांचे पहिले कसोटी शतक १९७१ मध्ये बोर्डावरच झाले, पण तो निराळा विषय.

माहिती शोधायची तर सुरुवात कुठून करावी?

क्रम महत्त्वाचा आहे, तो उलटला की दुप्पट वेळ जातो.

आधी खेळाडूचे पान नव्हे, सामन्याचा धावफलक शोधा. पान हे कुणीतरी बेरीज करून बनवलेले असते, धावफलक मूळच्या जवळ असतो. ईएसपीएनक्रिकइन्फो फुकट आहे, क्रिकेटआर्काइव्हला वर्गणी लागते, पण जुन्या वेस्ट इंडिज सामन्यांसाठी ती वसूल होते. धावफलकावरून सामन्याची तारीख आणि मैदान उतरवून घ्या.

मग त्या तारखेपासून पुढच्या आठ-दहा दिवसांची वर्तमानपत्रे. जॉर्जटाउनची आर्गोसी आणि डेली क्रॉनिकल, बार्बाडोसचे ॲडव्होकेट. जुने अंक कॅरिबियन डिजिटल ग्रंथालयात काही प्रमाणात पाहता येतात, बाकीचे जॉर्जटाउनच्या वॉल्टर रॉडनी राष्ट्रीय अभिलेखागारात. प्रतिस्पर्धी वसाहतीचे वर्तमानपत्र जरूर पाहा. घरचा वार्ताहर ‘आपला स्मिथ’ लिहून सोडून देतो, परका पूर्ण नाव आणि धंदा सांगतो.

त्यानंतर सामन्याच्या आधीचा आठवडा. संघ जाहीर झाल्याची बातमी, कुणी का माघार घेतली, कुणाला रजा नाकारली हे तिथे मिळते. एका सामन्याच्या खेळाडूची निवड मुळात दुसऱ्याच्या माघारीमुळे झालेली असते, हे इथेच कळते.

जन्म-मृत्यूची नोंद सगळ्यात शेवटी. आधी त्यामागे लागलात तर एकाच नावाच्या पाच माणसांत अडकाल. जन्मतारीख मिळाली नाही तर ‘जन्म १८७० च्या सुमारास’ असे अंदाजाने भरू नका, जागा रिकामी ठेवा. एकदा टाकलेला अंदाज दहा ठिकाणी उतरवला जातो आणि पुढे तोच पुरावा ठरतो.

दोन संकेतस्थळांवर एकाच खेळाडूचे आकडे वेगळे दिसतात. कुठले खरे?

बहुधा दोघेही आपापल्या हिशेबाने खरे. एकाने एखादा सामना प्रथम श्रेणी धरलेला, दुसऱ्याने नाही, हे पहिले कारण. एकोणिसाव्या शतकातल्या काही डावांत गोलंदाजीचे पूर्ण पृथक्करण उरलेले नाही, म्हणून बळी कळतात पण दिलेल्या धावा कळत नाहीत, आणि मग सरासरी अपुऱ्या माहितीवर निघते. त्या काळी षटकही नेहमी सहा चेंडूंचे नसे. षटकांना सहाने गुणून चेंडू काढलेत तर आकडा चुकू शकतो.

वर्षाचीही गफलत असते. वेस्ट इंडिजचा मोसम दोन वर्षांत विभागून लिहितात, आणि सप्टेंबर-ऑक्टोबरचा सामना येणाऱ्या मोसमात जातो. ऑक्टोबर १९५६ ची चौरंगी स्पर्धा म्हणून १९५६-५७ मध्ये. ‘१९५७ मध्ये पदार्पण’ असे कुणी लिहिले असेल तर बहुधा त्याने मोसमाचा दुसरा आकडा उचललेला असतो. प्रत्यक्ष तारीख लिहिली की हा वाद उरत नाही.

कारकीर्द मध्येच तुटली, याची कारणे नोंदीत कशी आणावीत?

माहीत असेल तर एका वाक्यात, नसेल तर मुळीच नाही. सिरिल क्रिस्टियानी हा यष्टिरक्षक १९३५ च्या मालिकेत चारही कसोटी खेळला आणि १९३८ मध्ये हिवतापाने वयाच्या चोविसाव्या वर्षी गेला. हे ठाऊक आहे, म्हणून लिहायचे. बाकीच्यांच्या बाबतीत ‘दुखापतीमुळे’, ‘अन्यायामुळे’ असे शब्द सर्रास येतात, त्यांना आधार विचारा. सत्तर-ऐंशीच्या दशकांत गयानातून टोरांटो आणि न्यूयॉर्ककडे मोठे स्थलांतर झाले, तेव्हा अचानक थांबलेल्या नोंदीचा पुढचा धागा तिकडच्या लीग क्रिकेटमध्ये शोधून पाहावा.

कॅनडा-अमेरिकेकडून खेळलेल्यांना या यादीत घ्यायचे का?

यादीचा निकष काय ते आधी ठरवा. ‘गयानात जन्मलेले’ असा असेल तर घ्या, ‘गयानाच्या संघाकडून खेळलेले’ असा असेल तर नाही. दोन्ही निकष एकत्र केले की गोंधळ होतो, कारण बार्बाडोसमध्ये जन्मून ब्रिटिश गयानाकडून खेळलेलेही आहेत. स्नफी ब्राउन त्यांपैकीच.

२००४ पासूनच्या आयसीसी इंटरकॉन्टिनेंटल चषकाच्या सामन्यांना प्रथम श्रेणी दर्जा होता, आणि अमेरिका, कॅनडा या दोन्ही संघांत गयानाचे लोक होते. स्टीव्ह मसाया अमेरिकेकडून खेळला, पोर्ट मोरंटचा सुनील धनीराम आधी गयानाकडून आणि मग कॅनडाकडून. अमेरिकेला या स्पर्धेत सामने इतके थोडे मिळाले की तिथल्या अनेकांची सगळी प्रथम श्रेणी कारकीर्द २००४ च्या त्या एका वर्षात आटोपली. त्यांतला एक सामना फोर्ट लॉडरडेलचा, ज्यात कॅनडाच्या जॉन डेव्हिसनने १३७ धावांत १७ बळी घेतले. अमेरिकेच्या त्या फलंदाजांची सरासरी पाहताना समोर गोलंदाज कोण होता तेही शेजारी लिहून ठेवा.